३० सेंमीचा शाळेचा पृथ्वीगोल: घेताना पॅसिफिक बघा

तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात हजार-बाराशेच्या घरात मिळणारा मराठी छपाईचा ३० सेंमी गोल झेडपीच्या शाळेला पुरतो. पण घेताना भारत बघत बसू नका, तो सगळेच नीट छापतात. गोल फिरवून पॅसिफिक समोर आणा, माल तिथं कळतो.

मोठी खोट जोडपट्टीची. दोन अर्धगोल विषुववृत्तावर चिकटवून वरून पट्टी मारतात. या आकारात एक अंश म्हणजे २.६ मिमी. नौरू हा पॅसिफिकमधला चिमुकला बेटदेश विषुववृत्ताच्या जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला, म्हणजे रेषेपासून साधारण १.४ मिमीवर. पट्टी ६ मिमीची असली की अख्खा देश तिच्याखाली! एकेकाळी फॉस्फेट विकून गबर झालेला, १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतासारखंच एक मत असलेला देश गोंदात गडप. नाव पट्टीबाहेर छापून आत रेघ ओढली असेल तर माल चांगला. नसेल तर सीडी मार्करने पट्टीवर ठिपका द्या. जेल पेन पुसलं जातं. अर्ध्या मिमीचा ठिपकाही २१ किमी रुंद ठरतो आणि नौरू पाच-सहा किमीचं, हे पोरांना सांगायचं.

मग किरिबाटी (तिथले लोक 'किरिबास' म्हणतात). १९९५ पासून वाररेषा (जिच्यापाशी तारीख बदलते ती) या बेटदेशाला वळसा घालून पूर्वेला जवळपास १५०° पश्चिमपर्यंत जाते. गोलावर ती १८०° वरून नाकासमोर खाली उतरत असेल, तर छपाईचा ठोकळा जुना. डब्यावर 'नवीन आवृत्ती' लिहिलं असलं तरी.

भिंतीच्या नकाशात हाच देश फाटतो: त्याचं तारावा बेट उजव्या कडेला, किरितिमाती बेट डाव्या. गोलावर दोघांत पावणेआठ सेंमी, सुतळीने मोजता येतात. जमीन फक्त ८११ चौ. किमी, पण ताब्यातला समुद्र भारताच्या भूभागाहून मोठा. नकाशापेक्षा गोल घ्या म्हणतो ते यासाठीच.

कमान धातूची घ्या, प्लास्टिकची स्क्रूपाशी तडकते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की टिनाखाली गोंद सुटून जोड उघडतो, म्हणून उन्हाळी सुट्टीत गोल अलमारीच्या खालच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवा. उघडलाच तर फेविक्विक लावू नका. त्याच्या वाफेने छपाई पांढरी पडते, आणि पडते ती नेमकी नौरूवर.