पीएक्स-१०, तूर द फ्रांस की ग्राँ रेकॉर? जुनी फ्रेंच रेसिंग सायकल ओळखताना आणि निवडताना

विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत पांढरी फ्रेम, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी आणि हँडलखाली प्यूजोचा सिंह दिसला, म्हणजे ती प्यूजोची शर्यतीची पीएक्स-१० असेलच असं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गिअरच्या सायकलींना एकदम मागणी आली आणि प्यूजोची स्वस्तातली यूओ-८ तिथे भरपूर खपली. दोघींचा तोंडवळा बहिणींसारखा. पण पीएक्स-१० रेनॉल्ड्स ५३१ या पातळ, हलक्या पोलादी नळ्यांची, शर्यतीसाठी बांधलेली. यूओ-८ साध्या पोलादाची, साधारण तीनेक किलोंनी जड. पीएक्स-१०, जितानची तूर द फ्रांस आणि मोतोबेकानची ग्राँ रेकॉर या तिघींत निवड करायची असेल, तर समोर उभी असलेली सायकल नक्की कोणती, हे आधी ठरवावं लागतं.

आधी क्रँक, मग सीटची नळी

यूओ-८ला पोलादी क्रँक (पायडलचा दांडा) असते आणि ती कॉटर पिनेने अडकवलेली असते, आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीला असते तशीच. पीएक्स-१०ला अ‍ॅल्युमिनियमची स्ट्राँगलाइट क्रँक असते, चौकोनी अ‍ॅक्सलवर बोल्टने आवळलेली. क्रँक मागाहून बदलता येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. मागचं चाक जिथे अडकतं ते ड्रॉपआउट पाहा. यूओ-८चे पत्र्यातून कापलेले, सपाट आणि पातळ असतात. पीएक्स-१०चे घडीव आणि चांगले जाड. रिमला लोहचुंबक लावा. चिकटला तर रिम पोलादी, आणि पीएक्स-१० कारखान्यातून पोलादी रिमवर निघत नव्हती. फोर्कच्या टोकांवरचा क्रोम मात्र पुरावा धरू नका, तो स्वस्त मॉडेललाही असे.

सगळ्यांत भरवशाचं माप सीटपोस्टचं, म्हणजे सीटखालच्या दांडीचं. फ्रेंच सीट ट्यूब बाहेरून २८.० मिमी असते. आतला सीटपोस्ट २६.४ मिमी असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे ५३१ किंवा त्याच तोडीचं पोलाद. सीटपोस्ट २४ मिमीच्या आसपास असेल तर नळी जाड, साधी. स्टिकर नवे मिळतात, रंगही नवा देता येतो, पण नळीचं आतलं माप कोणी बदलत नाही. व्हर्निअर लावताना पोस्टच्या खालच्या, न घासलेल्या भागावर लावा.

रेनॉल्ड्सचा स्टिकर असेल तर तो शब्द न शब्द वाचा. त्यावर नळ्यांसोबत फोर्क आणि मागच्या स्टेचाही (मागचं चाक धरणाऱ्या बारीक नळ्यांचाही) उल्लेख असेल तर पूर्ण फ्रेम ५३१ची. नुसत्या नळ्यांचा असेल तर फक्त पुढचा त्रिकोण ५३१चा.

तिघी शेजारी शेजारी

पीएक्स-१० ही तिघींत सर्वांत ‘फ्रेंच’. पूर्ण ५३१ फ्रेम, नक्षीदार कापाचे नेर्वेक्स लग (नळ्यांच्या सांध्यावरचे जोड), माफाकचे सेंटर-पुल ब्रेक, सिंप्लेक्सचे गिअर, ट्युब्युलर (रिमला चिकटवायच्या) टायरची चाकं. पुढच्या दोन चकत्यांना दात ५२ आणि ४५. तिचा कच्चा दुवा म्हणजे सिंप्लेक्स. १९६२च्या सुमारास या दिजोंच्या कंपनीने डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात, डेल्रिन हे प्लास्टिक आणलं. वजन उतरलं, पण पन्नास वर्षांनी ते प्लास्टिक ठिसूळ होतं. तडे ठराविक जागी जातात: पुढच्या डिरेलरच्या नळीवरच्या पट्ट्यात, शिफ्टरच्या बुडाशी आणि मागच्या डिरेलरच्या वरच्या पिव्होटपाशी. टॉर्च तिरका धरला की केसासारखी रेघ दिसते. पट्ट्याचा स्क्रू जास्त आवळला की ती रेघ उघडते, म्हणून तिथे हात हलका ठेवा. डिरेलर बदलायचं ठरलं तर आणखी एक अडचण: सिंप्लेक्सच्या ड्रॉपआउटवरचं भोक बिनआट्याचं असतं. दुसऱ्या कंपनीचं डिरेलर लावण्यासाठी त्यात १० × १ मिमीचे आटे पाडावे लागतात आणि डिरेलर टेकण्यासाठी खाचही घासावी लागते. काम अवघड नाही, पण फ्रेम मूळ स्थितीत राहत नाही.

तूर द फ्रांस ही माशकूलच्या जितान कारखान्याची. गिअर-ब्रेकची जुळणी पीएक्स-१०च्या जवळची, पण बऱ्याच सायकलींत ५३१ फक्त तीन मुख्य नळ्यांत. जितानच्या कारागिरीत एकसारखेपणा नाही: एकीचे लग स्वच्छ घासलेले, दुसरीत पितळ बाहेर ओघळलेलं. म्हणून जितान फोटोवरून घेऊ नये. पन्नीसारखे चकचकीत स्टिकर सोलून निघतात, त्यामुळे अर्धवट खरवडलेली अक्षरं दिसली तर ती फसवणुकीची खूण नव्हे. पूर्ण ५३१ आणि इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीचे भाग असलेली जितान हवी असेल तर सुपर कोर्सा हे वरचं मॉडेल शोधा.

ग्राँ रेकॉर दिसायला तिघींत देखणी, विशेषतः लाल पट्ट्यांची काळी फ्रेम आणि लगांच्या कडेने ओढलेली बारीक सोनेरी रेघ. मोतोबेकानने हिच्यावर कॅम्पान्योलोचे धातूचे गिअर दिले, त्यामुळे डेल्रिनची डोकेदुखी नाही. रोज चालवायला ही सर्वांत सोपी ठरते. पण तिच्या पोटात एक कोडं आहे, ते पुढे.

बॉटम ब्रॅकेट: इथेच पैसे जातात

बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग. फ्रेंच बॉटम ब्रॅकेटचे कप ३५ × १ मिमी आट्यांचे असतात आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ. इंग्रजी कप १.३७ इंच, इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे. मोतोबेकानने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्विस पद्धत घेतली: माप फ्रेंचच, ३५ × १, पण चेनच्या बाजूचे आटे इंग्रजीसारखे उलटे. नुसत्या मापावरून फ्रेंच आणि स्विस वेगळे ओळखता येत नाहीत. चेनच्या बाजूचा कप फ्रेंच असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, स्विस असेल तर घड्याळाच्या दिशेने. दिशा चुकवून लांब पाना लावला की कप आणखी आवळतो, पाना घसरतो आणि कपाच्या कडा गोल होतात. मग तो कप बाहेर काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.

म्हणून आधी डावा कप काढा. तो तिन्ही पद्धतींत सरळ आट्यांचाच असतो. त्याच्या आट्यांवर साधा एम-६ बोल्ट आडवा टेकवून उजेडाकडे धरा. एम-६च्या आट्यांचं अंतर बरोबर १ मिमी असतं. दोघांचे आटे पूर्ण लांबीभर एकमेकांत बसले आणि मधून उजेड आला नाही, तर कप ३५ × १. दोन-चार आट्यांनंतर दात दातावर चढायला लागले, तर तो इंग्रजी. ३५ × १ निघाला आणि सायकल मोतोबेकान असेल, तर चेनच्या बाजूला आधी गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग दोन्ही दिशांना थोडा थोडा जोर देऊन पाहा. कप फिरायला लागेल तीच दिशा.

छर्रे बसतात ती वाट खडबडीत झाली असेल तर फ्रेंच कप अजून मिळू शकतात. फिल वूडचे कप फ्रेंच आणि स्विस दोन्ही आट्यांत येतात. तिघींची तुलना करताना कपांची स्थिती रंगापेक्षा वरच्या नंबरावर ठेवा.

बाकीची मापंही इंग्रजीच्या जवळ येऊन चुकतात. स्टेम (हँडल धरणारा दांडा) २२.० मिमी, इंग्रजी २२.२, इंग्रजी स्टेम पॉलिश पेपरने घासून बसवता येतो. पायडल १४ × १.२५ मिमी, फ्रेंच पायडलच्या अ‍ॅक्सलवर उजव्यासाठी ‘डी’ आणि डाव्यासाठी ‘जी’ ही रोमन अक्षरं असतात. इंग्रजी पायडल फ्रेंच क्रँकमध्ये जोराने घातलं तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे खरवडले जातात. नीट टॅप फिरवून मोठे आटे पाडता येतात. जुनी स्ट्राँगलाइट क्रँक उतरवायला २३.३५ मिमीचा पुलर लागतो. बाजारातला नेहमीचा २२ मिमीचा पुलर सैल बसतो, दोन आट्यांवर धरतो आणि ते उपटून बाहेर येतो. पुलर लावण्याआधी आतला वॉशर काढायला विसरू नका.

साल कसं ठरवायचं

सुरुवात फ्रेमच्या नंबरापासून न करता भागांपासून करा, आणि प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हा भाग कोणत्या सालाच्या आधी असूच शकत नाही? डेल्रिनचं सिंप्लेक्स असेल तर १९६२च्या आसपास किंवा नंतर. कॅम्पान्योलो नुओवो रेकॉर्ड डिरेलरवर पेटंटच्या शिक्क्यापुढे ७२, ७४ असे दोन आकडे असतील तर तेच साल. कॅम्पान्योलो हबच्या लॉकनटवरही सालाचे दोन आकडे कोरलेले सापडतात. मात्र चाकं सर्वांत जास्त बदलली जातात, म्हणून हबचं साल एकट्याने पुरेसं नाही. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग), ब्रेक आणि बॉटम ब्रॅकेट सहसा कोणी बदलत नाही. त्यांची साक्ष जास्त वजनदार.

फ्रेमवरही खुणा असतात. शिफ्टर आणि केबल नळीवर पट्ट्यांनी आवळलेल्या असतील तर सायकल बहुधा १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीची; तिथे झाळलेले तुकडे असतील तर नंतरची. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिमी असेल तर पाच चकत्यांचा काळ, १२६ असेल तर सहा-सात चकत्यांचा. जितानवर रेनोचं नाव असेल तर १९७०च्या दशकाच्या मध्याआधीची नाही, कारण जितान रेनोकडे गेली ती तेव्हा. एमबीके हे नाव असेल तर १९८४ किंवा नंतर, यामाहाने मोतोबेकान घेतल्यानंतरची.

‘मर्क्सने हीच चालवली’ हे वाक्य पीएक्स-१०च्या जाहिरातीत हमखास येतं. एडी मर्क्स १९६६ आणि १९६७ साली प्यूजोच्या संघात होता हे खरं; पण संघाच्या सायकली आणि दुकानात विकली जाणारी पीएक्स-१० एक नव्हेत. त्या वाक्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मग कोणती?

मूळ भागांसह पूर्ण मिळत असेल आणि डेल्रिन शाबूत असेल तर पीएक्स-१०. तिचं मोल पूर्णतेत आहे. अर्धे भाग बदललेली पीएक्स-१० घेऊन हरवलेलं शोधत बसण्यात पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. चालवण्यासाठी हवी असेल तर ग्राँ रेकॉर, बॉटम ब्रॅकेट तपासूनच. स्वतःकडचे भाग लावून बांधायची असेल आणि नुसती फ्रेम पुरेशी असेल तर तूर द फ्रांस, मात्र फ्रेम सरळ आहे का ते दोरी लावून पाहा: हेड ट्यूबपासून दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत दोरी ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. फरक एक-दोन मिमीपेक्षा जास्त नको.

कोणतीही घ्या, स्टेमवर ‘आव्हा’ लिहिलेलं असेल तर तो स्टेम चालवण्यासाठी वापरू नका. त्या जुन्या स्टेमला आतला शंकूसारखा तुकडा आवळला की खालच्या फटीच्या टोकापासून तडा जाण्याची खोड आहे, आणि तो तुटतो तेव्हा हँडल हातात येतं. सौदा पक्का करण्याआधी विकणाऱ्यासमोरच स्टेम आणि सीटपोस्ट हलवून पाहा. स्टेमचा बोल्ट चार फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा हलका ठोका द्या, मग हँडल फिरवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादात धरून बसलं असेल आणि दोन्हींपैकी एकही हललं नाही, तर त्या किमतीत ती सायकल घेऊ नका.