नार्निया: प्रकाशनक्रमाने वाचावी की कथाक्रमाने?

सी. एस. लुईस यांची नार्निया या जादुई देशाच्या कथांची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. मात्र नार्नियाच्या जन्माची कथा १९५५ साली, म्हणजे सहाव्या क्रमांकावर आली, आणि क्रमाचा वाद तिथूनच सुरू होतो. प्रकाशनक्रमाने वाचणारा पहिल्याच पुस्तकात ल्यूसी या छोट्या मुलीबरोबर नार्नियात नेणाऱ्या कपाटात शिरतो: पायाखाली काहीतरी करकरते, तिला त्या डांबरगोळ्या वाटतात, ती वाकून चाचपते तर हाताला थंडगार भुसभुशीत बर्फ लागतो आणि पुढे भर जंगलात दिव्याचा खांब उभा दिसतो. तो तिथे कसा आला, हे कोडे सहाव्या पुस्तकात उलगडते तेव्हाची मौज काही औरच असते. कथाक्रमाने वाचणाऱ्याच्या हाती हे उत्तर प्रश्न पडण्याआधीच येते. घटनांची संगती त्याला सहज लागते, हे खरे. शिवाय खुद्द लुईस यांनी १९५७ मध्ये एका मुलाला लिहिलेल्या पत्रात याच क्रमाकडे कल दाखवला होता (क्रमाला फारसे महत्त्व नसावे, असेही त्यात आहे). तरीही पहिल्या वाचनासाठी मी कपाटाचेच दार सुचवेन. कथाक्रम दुसऱ्या वाचनात खुलतो, कारण कपाटाचे लाकूड कोणत्या झाडाचे, हे तेव्हा आपल्याला ल्यूसीच्या आधी ठाऊक असते.