जुने फोटो स्कॅनला देण्याआधी

तक्रार घेऊन आम्ही कोल्हापुरातल्या एका पेठेतले सातआठ जण पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "नुकसान किती रुपयांचं?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. कारण रोख रक्कम कुणाचीच गेली नव्हती. उलट स्कॅन करतो म्हणून फोटो नेणाऱ्या माणसानंच आम्हाला फ्रेमा करून दिल्या होत्या आणि गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो फुकट काढले होते. गेले ते घराघरांतले जुने फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का असलेले, आजे-पणज्यांचे. शिवाय दोन घरांतल्या काचेच्या निगेटिव्ह. हा माणूस अजून सापडलेला नाही आणि पेठा अजून पुष्कळ आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. आमच्या तालमीच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडं मांडणीला होती, त्यामुळं या माणसाशी माझा जवळजवळ रोजचा संबंध आला. नाव लिहीत नाही. तपास चालू आहे, आणि त्यानं सांगितलेलं नाव त्याचंच होतं का, हाही प्रश्नच आहे.

तो अचानक उगवलेला नव्हता. आदल्या वर्षीच्या विसर्जनाला महाद्वार रोडवर पोरांबरोबर रात्रभर कॅमेरा घेऊन उभा होता. सकाळी ग्रुपवर फोटो आले. ढोलवाले, लेझीमवाले, ट्रॅक्टरवर चढलेला आमचा अध्यक्ष, सगळे एकदम सिनेमातल्यासारखे. "भावा, लै भारी काढलायस," म्हणत पोरांनी तेच फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सला लावायला सुरुवात केली. कोल्हापुरात ज्याचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर चांगला आला तो माणूस आयुष्यभर उपकार विसरत नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं.

मग शतकमहोत्सवाच्या बैठकीत त्यानं प्रस्ताव मांडला: पेठेचा शंभर वर्षांचा इतिहास फोटोंमधून. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन, नंतर पुस्तक. बोलायला तयार होता. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ आपण रोज बघतो, पण स्वतः कॅमेरा तयार करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात जुन्या फोटोंची काय कदर आहे, असं त्यानं विचारलं. मग आबालाल रहिमान यांच्यावर आला. शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर त्यांच्या या दरबारी चित्रकारानं आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं आपल्याकडं सांगतात. "तेव्हा वाचवायला कुणी नव्हतं, आता आपण आहोत," हे वाक्य ऐकून म्हातारी माणसं डोळे पुसत होती. शेवटी त्यानं महापूर काढला. २०१९ ला आणि परत २०२१ ला दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांचे अल्बम लगदा होऊन बाहेर पडले हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पंचगंगा ४३ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर गेली की अजून पोटात गोळा येतो. "स्कॅन होऊन राहिले तर नदीच्या बापाची भीती नाही," असं तो म्हणाला आणि बैठक तिथंच संपली. म्हटलं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याचा सगळा धंदाच खऱ्या गोष्टींवर उभा होता.

पहिल्या खेपेला त्यानं थोडेच फोटो नेले. नेताना प्रत्येकाला छापील पावती, प्रत्येक फोटोला नंबर, हातात पांढरे सुती मोजे. आठवड्याभरात सगळे परत. खरे, जसेच्या तसे. सोबत प्रत्येक घराला एक मोठा केलेला फोटो, काळ्या फ्रेममध्ये. ही बातमी गल्लीत फिरली आणि मग ट्रंका उघडल्या. ज्या बायका पाहुण्यांनासुद्धा अल्बम दाखवत नाहीत त्या पिशवी भरून घेऊन तालमीत आल्या. "माझं पण घ्या की ओ, सासऱ्यांचा कुस्तीचा हाय."

दुसऱ्या खेपेचे फोटो परत यायला बरेच दिवस लागले. आले ते पारदर्शक पाकिटांत, चारी बाजूंनी बंद करून. "औषध मारलंय, बुरशी येणार नाही. पाकीट फोडू नका, हवा लागली की डाग पडतील." कुणी फोडलं नाही. देवघराशेजारी, शोकेसमध्ये, पाकिटासकट ठेवले.

उघडकीला आणलं आमच्या मागच्या बोळातल्या आक्कांनी. त्यांना मोतीबिंदू, दिसतं जेमतेम. पितृपक्षात मालकांच्या वडिलांच्या फोटोला गंध लावायचं तर पाकीट आडवं येणार, म्हणून त्यांनी कात्रीनं कापलं. फोटो हातात घेतला आणि सवयीनं खालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. तिथं स्टुडिओचं नाव उठावात दाबलेलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तो फोटो पुसताना रोज बोटाला लागायचं. आता लागेना. डोळ्याला शिक्का दिसत होता, सावलीसकट, पण बोटाखाली गुळगुळीत. फोटो उलटा केला तर मागं मोडीत लिहिलेल्या दोन ओळी गायब, नुसता पांढराफटक पुठ्ठा. आक्का तडक दुकानात आल्या. "अरे, हा माझा मामंजी नव्हं. हा मामंजीचा फोटोचा फोटो हाय."

मी भिंग लावून बघितलं. चेहऱ्यावर रंगाचे बारीक ठिपके, निळे, गुलाबी, पिवळे. जुन्या फोटोत असले ठिपके नसतात. काळ्यातून पांढऱ्यात रंग विरघळत जातो. नंतर एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना गाठलं, ज्यांनी अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हातानं प्रिंट काढल्या आहेत. त्यांनी पहिल्यांदा फोटो ट्यूबलाइटखाली तिरका धरला. जुन्या कृष्णधवल प्रिंटमध्ये चांदी असते, आणि वर्षांनुवर्षांनी ती काळ्या भागात, विशेषतः कडांना, वर येऊन निळसर आरशासारखी चमकते. आमच्या परत आलेल्या फोटोंत एकही चमकेना. मग म्हणाले, चला गुजरीत. तिथं त्यांच्या ओळखीच्या सराफाकडं नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जे रसायन घालतात ते फोटोपेपरात साधारण १९५० नंतर आलं, त्या दिव्याखाली ते निळं पेटतं. कोल्हापूरच्या कुठल्याशा पैलवानाचा १९३० च्या आसपासचा म्हणून जपलेला फोटो दिव्याखाली धरला आणि तो मोबाइलच्या पडद्यासारखा निळा झाला. सराफ म्हणाले, "नोट असती तर जमा करून घ्यावी लागली असती."

पुढं सगळ्यांनी पाकिटं फोडली तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. सगळे फोटो बदललेले नव्हते. शाळेच्या ग्रुपचे, बारशाचे, रंगीत जमान्यातले, पासपोर्ट साइजचे, हे सगळे इमानदारीनं परत आले होते. बदलले होते ते निवडक: शिक्क्याचे, मांडीवर थाप मारून उभ्या पैलवानांचे, दसऱ्याच्या लवाजम्याचे, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढं खुर्चीत बसलेल्या नऊवारीतल्या बायकांचे, आणि ज्यांत दागिन्यांवर ब्रशनं पिवळा रंग भरलेला असायचा ते सगळेच्या सगळे. माणसाची नजर पक्की होती, ते मान्य करायला पाहिजे. काचेच्या निगेटिव्हचं तर त्यानं वेगळंच केलं. एका घरी "वाटेत फुटली, माफ करा" म्हणून तुकडे कागदात गुंडाळून आणून दिले. निगेटिव्हच्या काचेला एका बाजूला काळसर थर असतो. या तुकड्यांवर कसलाच थर नव्हता, साधी खिडकीची काच.

अशा वस्तूंना गिऱ्हाईक आहे. जुने फोटो जमवणारे लोक आहेत, लिलाव होतात, आणि संग्राहक पैसे मोजतो ते मूळ प्रिंटचे. शिक्का आणि मागचा मजकूर असेल तर जास्तच. आपल्याला वाटतं, आमच्या आज्याचा फोटो कोण घेतोय. आज्याला कुणी विचारत नाही, हे खरंच. पण त्याच्या मागचा पडदा, अंगावरचा पोशाख, गदा आणि शिक्का यांना बाजारात किंमत असते.

शिवाय स्कॅन होतेच. पेठेतला एक पोरगा पुण्यात नोकरीला आहे. तो तांबडा-पांढरा खायला एका हॉटेलात बसला आणि समोरच्या भिंतीवर त्याचे पणजोबा लंगोटात उभे, चार फूट उंच. त्यानं जेवण सोडून व्हिडिओ कॉल लावला. हॉटेलवाल्याचा दोष नव्हता. त्यानं 'अस्सल कोल्हापुरी सजावट' म्हणून फाइलींचा संच कुठल्याशा डिझायनरकडून विकत घेतला होता. वकिलांनी सांगितलं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्यानं काढून घेणाऱ्याचा. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत फोटोग्राफर गेल्यापासून ६० वर्षं मोजतात, आणि ट्रंकेतला फोटो कुणी काढला, तो कधी गेला यावर कोर्टात वर्षं जातील. म्हणून तो नाद सोडून मूळ प्रिंटवरच लक्ष द्यायचं ठरलं.

तिथं पावती आडवी आली. पुढच्या बाजूला मराठीत छान 'साभार पोच'. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत, की हे साहित्य संग्रहाला भेट दिलं असून परतीचा हक्क राहत नाही. पेठेतल्या नव्वद टक्के लोकांनी ती बाजू वाचलीच नसणार. म्हाताऱ्यांना ती वाचता येणं शक्यही नव्हतं. तरी आता विश्वासघात आणि फसवणूक, म्हणजे नव्या न्याय संहितेची ३१६ आणि ३१८ ही कलमं, लावून तक्रार दाखल झाली आहे. ती उभी राहिली एका सुनेमुळं. तिनं फोटो देण्याआधी पुढून-मागून मोबाइलवर टिपून ठेवले होते, मोडीतला मजकूर आणि फाटलेला कोपरा सुद्धा. मूळ फोटो कुठं विकायला निघाला तर तो आमचाच आहे हे दाखवायला सध्या तेवढंच हातात आहे.

आता काही खुणा, माझ्या धंद्यातल्या. हा माणूस मला स्मरणिकेसाठी ज्या फाइली देत होता त्या सगळ्या व्हॉट्सॲपवरनं, शे-दोनशे केबीच्या. सहा इंच रुंद छपाईला किमान १८०० पिक्सेल लागतात. "मोठ्या फाइली छपाईच्या वेळी देतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. जो खरोखर तुमच्यासाठी स्कॅन करतो तो मोठी फाइल आधी तुमच्या पेनड्राइव्हवर टाकतो. दुसरं, प्रदर्शनाची तारीख. शाहू स्मारकच्या कार्यालयात विचारल्यावर कळलं की त्या नावानं बुकिंगच नव्हतं. निमंत्रणपत्रिकेचं डिझाइन मात्र माझ्याच दुकानात तयार होतं, तारखेसकट.

स्कॅनिंग घरात होतं. सपाट स्कॅनर पिशवीत मावतो, लॅपटॉप आणि एक प्लगपॉइंट पुरतो. ६०० डीपीआयला एक फोटो व्हायला मिनिटभर लागतं. "मशीन मोठं आहे, उचलून आणता येत नाही," असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि फोटो ट्रंकेत ठेवा. अगदीच बाहेर द्यायचा झाला तर मागची बाजू, शिक्का आणि कडा तिरक्या उजेडात टिपून ठेवा, आणि 'मालकी आमचीच, अमुक तारखेला परत' हे मराठीत लिहून त्याची सही घ्या. पावती त्याची नको, तुमची.

जाताजाता, पाकीट फोडू नका असं कुणी सांगितलं असेल तर ते आजच फोडा. औषधबिवध काही नसतं. आमच्याच नव्हे, दुसऱ्या पेठांतूनही त्यानं फोटो नेलेत असं आता कानावर येतंय, आणि तिथली पाकिटं अजून बंदच असावीत. काकांनी जांभळा दिवा आणि भिंग तालमीत आणून ठेवलंय. रविवारी सकाळी दहा ते बारा कुणी ना कुणी असतं. फोटो घेऊन या, सोबत पावतीपण आणा.