राउटरचा छोटा यूपीएस: आठ महिने वापरल्यानंतर

करंट गेला तरी राउटर चालू ठेवणारा हा बॅटरीचा डबा जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतला, आता फेब्रुवारी चालू आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असले काळे डबे बाजारात दहा नावांनी मिळतात आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो. मला १,६५० रुपयांना पडला.

मी बेळगावात शहापूरला एका जुन्या घराच्या माडीवर बसून वेबसाइटी करतो आणि दुकानदारांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळतो. घरात इन्व्हर्टर नाही. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो, पण करंट गेला की राउटर मान टाकतो. मेच्या अखेरीस वळवाच्या पावसात हेच झालं. एका साडीवाल्या काकांचा सेल संपला होता, जाहिरात बंद करायला बसलो आणि नेट गेलं. माडीवर मोबाईलला एक दांडी रेंज. छत्री घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो, तिथून बंद केली. तोवर काकांचे पैसे उडायचे ते उडाले. फोन आलाच, ‘काय ओ, सेल संपला म्हणून सांगितलं होतं की नाही?’ दुसऱ्या दिवशी डबा मागवला.

खोक्यावर ठळक अक्षरात १०,४०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) आणि ‘६ तासांपर्यंत’. आता हिशेब बघा. आत २,६०० एमएएचचे ४ सेल आहेत आणि हा आकडा ३.७ व्होल्टला धरलेला. म्हणजे साधारण साडेअडतीस वॉट-अवर, एक वॉट साडेअडतीस तास चालेल एवढी वीज. राउटरला लागतात १२ व्होल्ट. व्होल्टेज वर चढवताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून हातात ३२-३३ धरा. माझा राउटर आणि फायबरचा डबा (नेटची केबल येते तो) मिळून १० वॉटच्या आसपास खातात. सव्वातीन तास. नवा असताना घड्याळ लावून बघितलं, तीन तास दहा मिनिटं चालला. ६ तास कुणाचे, तर ज्याचा एकच राउटर ५ वॉटवर भागतो त्याचे. ‘पर्यंत’ या शब्दाला फार पगार द्यावा लागत असणार.

रागावायला मला तोंड नाही म्हणा. मीही काकांना ‘जाहिरात ४० हजार लोकांपर्यंत पोचली’ असाच कागद दाखवतो. त्यांनी एकदा चष्मा कपाळावर सारून विचारलं, ‘पायऱ्या किती जण चढले?’ तेव्हापासून आलेले मेसेज आणि फोन मोजून तेवढेच लिहितो.

पहिला महिना मात्र डोकेदुखीचा गेला. डबा जरा हलला की राउटर रीस्टार्ट. दोष पिनीत निघाला. या गोल पिना बाहेरून ५.५ मिमीच्याच, पण आतलं भोक कधी २.१, कधी २.५. डब्यासोबत आली २.५ची, माझ्या राउटरला पाहिजे २.१. बसते, पण सैल. रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांनी वायर कापून २० रुपयांत पिन बदलून दिली, वर ‘आता ओढून बघ’ म्हणाले. त्यानंतर करंट गेल्याचं मला पंखा थांबल्यावरच कळतं, चालू व्हिडिओ कॉल तुटत नाही. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट नक्की वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ची पिन लावली तर तो जळू शकतो.

दुसरी गोष्ट विकणारा सांगत नाही. आपला डबा चालू असला तरी नेट देणाऱ्याच्या खोलीतली बॅटरी संपली की संपलं. श्रावणातल्या झडीत दोनदा असं झालं. यूपीएसचा हिरवा दिवा ऐटीत चालू आणि फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय. आमच्याकडे ते दोन तासांनी होतं, त्यामुळे ६ तासांचा डबा घेऊनही उपयोग नव्हता.

दिवाळीला पैसे वसूल झाले. काकांचं बरंच गिऱ्हाईक हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगडकडून येतं. जाहिरातीत नुसतं कर्नाटक निवडलं की ते सगळं गळतं, म्हणून दुकानाभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ टाकतो. मराठी आणि कन्नड मजकूर वेगळे. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावी झालं, तरी शोधणारे जुनं स्पेलिंगही टाकतात, म्हणून शोधशब्दांत दोन्ही ठेवावी लागतात. हे सगळं धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी करत होतो आणि करंट दोनदा गेला. एकदाही उठावं लागलं नाही.

आता वेळ अडीच तासांवर आली आहे. डबा कायम कोमट असतो. आधी राउटरच्या डोक्यावर ठेवला होता, तिथे जास्तच तापायचा, आता फळीवर उघडा ठेवलाय. सेल आत डाग देऊन जोडलेले आहेत, पण मामा बदलून देतो म्हणालेत. दीड तासाच्या खाली आला की त्यांच्याकडे नेणार.