इंडियाना बास्केटबॉल: घरचा प्रशिक्षक की बाहेरचा?

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी 2000 मध्ये पद सोडलं; त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांनी 1976, 1981 आणि 1987 ची राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदं आणली होती. त्यानंतर इंडियानाला एकही मिळालेलं नाही. म्हणून प्रत्येक नेमणुकीला वाद तोच: नाइटच्या तालमीतला माणूस आणायचा, की कोरी पाटी?

घरच्याला पहिल्या दिवसापासून विश्वास मिळतो. माइक वुडसन नाइटकडेच खेळलेले. 2021 मध्ये आले आणि 2022, 2023 अशी सलग दोन वर्षं संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेला पात्र ठरला. पुढची दोन वर्षं मात्र हुकली. आधीचे आर्ची मिलर बाहेरचे. चार हंगामांत एकदाही स्पर्धा नाही (2020 ची रद्दच झाली), आणि करार मोडायला 1 कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. पण टॉम क्रीनही बाहेरचेच! पहिल्या वर्षी 6 विजय, 25 पराभव; तरी 2013 आणि 2016 ला बिग टेन (इंडियाना खेळते ती विद्यापीठांची लीग) जिंकलं.

खेळाच्या पद्धतीत खरी मेख आहे. नाइटची आक्रमणाची पद्धत, मोशन ऑफेन्स, म्हणजे ठरलेल्या चाली नव्हेत. समोरचा बचाव वाचून पडदा लावणं (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणं), कट मारणं (मोकळ्या जागेत झटकन धावणं). ते मुरायला तीन-चार वर्षं एकच संघ लागतो. आता ट्रान्स्फर पोर्टलमुळे (खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणारी व्यवस्था) दर वसंतात संघाचा मोठा भाग बदलू शकतो.

माजी खेळाडू आणि देणगीदार दुरावले असतील तर घरचा माणूस घ्या. संघच नव्याने बांधायचा असेल तर महाविद्यालयीन भरती कोळून प्यायलेला बाहेरचा. इंडियानाची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वॉर्म-अप पँट आणि नाव नसलेली जर्सी त्यानेही जपावी.