खोकं पोचलं, कार्डं नाही पोचली

न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासला बिऱ्हाड हलवताना आमच्या मुलाची पोकेमॉन कार्डं, म्हणजे एका जपानी खेळातल्या काल्पनिक प्राण्यांची चित्रं असलेली, मुलं गोळा करतात ती कार्डं, चोरीला गेली. ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. जवळच्या चार माणसांखेरीज कुणाला सांगितली नव्हती, कारण ज्यांना सांगितली त्यातले दोघे म्हणाले, "पत्तेच ना?" पण परवा जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तीही आता शार्लटला निघाली आहे. "सगळं मूव्हर्सवर, सामान हलवणाऱ्या कंपनीवर सोपवलंय बाई, मी कशालाच हात लावणार नाही," म्हणाली. तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आम्ही १९९८ साली अमेरिकेत आलो. जानेवारी १९९९ मध्ये ही कार्डं इथे इंग्रजीत निघाली आणि थोड्याच दिवसांत शाळेच्या बसमध्ये पोरांना दुसरा विषय उरला नाही. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. एका पाकिटात ११ कार्डं, किंमत तीन-सव्वातीन डॉलर. एकाच्या पगारात भाडं भरून ठाण्याला पैसे पाठवणाऱ्या घराला ती रक्कम लहान नव्हती. म्हणून मी नियम घातला: एक पाढा मराठीतून, न अडखळता म्हणून दाखवायचा, मग एक पाकीट. विसापर्यंत तो भराभर गेला. एकोणतिसाने मात्र महिना घेतला. ज्या शनिवारी तो पाढा जमला, त्या दिवशी मेन्लो पार्क मॉलमधून घेतलेल्या पाकिटात चारिझार्ड निघाला, सगळ्या पोरांना हवा असलेला आग ओकणारा ड्रॅगन. पहिल्या संचातल्या १०२ कार्डांपैकी ४ नंबरचं, चमचमणारं. पोरगं मॉलच्या मधोमध फरशीवर बसलं आणि आनंदाने रडायला लागलं.

तो शिकला, नोकरीला डॅलसला गेला, लग्न झालं. कार्डं माझ्याकडे राहिली. बेसमेंटला ओल येते म्हणून मी ती साड्यांच्या कपाटात ठेवली होती. दोन अल्बम, एक निळा, एक काळा, प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या कप्प्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या जुन्या कार्डांच्या किमती अचानक वर गेल्या. ज्यांच्याकडे बालपणीची कार्डं होती ते सगळेच ती कपाटातून काढून बघायला लागले. आमच्या मुलानेही त्यातली पाच चांगली कार्डं निवडून कॅलिफोर्नियातल्या पीएसए या कंपनीकडे ग्रेडिंगला पाठवली. ग्रेडिंग म्हणजे कार्ड खरं आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग किती शाबूत आहेत हे तपासून १ ते १० मध्ये गुण देतात आणि ते कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. प्रत्येक स्लॅबवर स्वतंत्र क्रमांक असतो. तेव्हा तिथे इतकी गर्दी झाली होती की २०२१ मध्ये त्यांना नवीन कार्डं घेणं बरेच महिने थांबवावं लागलं. आमची आधी गेली होती, तरी परत यायला जवळजवळ वर्ष गेलं. चारिझार्डला ८ गुण मिळाले. सगळ्या संग्रहाची किंमत मुलाच्या हिशेबाने सात हजार डॉलरच्या आसपास होती. पण त्याला ती विकायची नव्हती. माझ्या नातीला द्यायची होती.

हे निवृत्त झाले आणि आम्ही मुलाजवळ राहायला जायचं ठरवलं. मूव्हर ठरवला तो फोनवरून. कुणी घर बघायला आलं नाही, खोल्या किती आणि सोफे किती एवढं विचारून आकडा सांगितला. मी विचारलं, "सामानाचा इन्शुरन्स?" पलीकडचा माणूस म्हणाला, "सगळं कव्हर्ड आहे." त्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. खरं तर आम्ही ज्याच्याशी बोललो तो मूव्हर नव्हताच, ब्रोकर होता, म्हणजे काम घेऊन दुसऱ्याच कंपनीला देणारा दलाल. ट्रक आला त्यावर तिसरंच नाव.

आता ज्या चुका मी केल्या त्या सांगते, आणि पहिलीच सगळ्यात मोठी आहे. कार्डांचं खोकं मी स्वतः भरलं. अल्बम टर्किश टॉवेलांत गुंडाळले, पाच स्लॅब एका बुटांच्या डब्यात कापूस घालून ठेवले, रिकाम्या जागेत मुलाची जुनी चित्रकलेची वह्या-पुस्तकं भरली. आणि वर जाड मार्करने इंग्रजीत लिहिलं: पोकेमॉन कार्ड्स, नाजूक, सांभाळून. चारी बाजूंनी लिहिलं. माझ्या मनात एवढंच होतं की उचलणाऱ्याने आदळू नये.

ट्रकबरोबर तिघं आले होते. त्यांचा मुकादम म्हणावा असा माणूस फार गोड बोलायचा. खोकं उचलताना त्याने वरचं वाचलं आणि म्हणाला, "माझीही होती लहानपणी. जुनी आहेत का तुमची?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. पाढ्याची गोष्ट, मॉलची गोष्ट, स्लॅबची गोष्ट, एकेक कार्ड आता केवढ्याला जातं तेही. मुलाचं कौतुक करायला आईला निमित्त लागत नाही. त्याने कौतुकाने ऐकलं, खोक्यावर नंबराचं स्टिकर लावलं आणि यादीत नोंद केली: कार्टन, पुढे तीन अक्षरं, पीबीओ. मी सही केली.

त्या तीन अक्षरांचा अर्थ मला तीन महिन्यांनी कळला. पॅक्ड बाय ओनर. म्हणजे खोकं मालकाने भरलं, आत काय आहे ते मूव्हरने पाहिलेलं नाही. उद्या आतलं काही नाहीसं झालं तर ते आत होतंच कशावरून, हा प्रश्न तुमच्या गळ्यात.

आम्ही विमानाने गेलो. माझ्या खांद्यावरच्या बॅगेत दागिने होते, पासपोर्ट होते आणि देव्हाऱ्यातले देव स्टीलच्या डब्यात होते. लहानपणी आमचं बिऱ्हाड गिरगावातून ठाण्याला हललं तेव्हा आई टेम्पोत दागिन्यांची पिशवी पोटाशी धरून बसली होती, ते मला लख्ख आठवतं. मौल्यवान वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण कार्डं मौल्यवान आहेत हे तोंडाने सांगत असूनही माझ्या हाताला ते पटलं नव्हतं. त्या बॅगेत दोन अल्बम आणि तो बुटांचा डबा सहज मावला असता. कार्डं केबिनमध्ये न्यायला काही मनाई नाही.

सामान पाच दिवसांत यायचं होतं, ११ दिवसांनी आलं. मधे ते कुठल्याशा गोदामात उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये चढवलं होतं. रात्रीचे नऊ वाजलेले, बाहेर पाऊस, माणसं वेगळी, घाईत. ह्यांनी यादी हातात धरली, मी दारात उभी राहून स्टिकरचे नंबर वाचत होते. कार्डांच्या खोक्याचा नंबर आला, ह्यांनी टिक केली. खोकं समोर होतं, अक्षर माझंच होतं. सगळे नंबर जुळले आणि आम्ही "सामान व्यवस्थित मिळालं" या ओळीखाली सही केली.

तेव्हा एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि मी पाहिली नाही. मी खोकं पारदर्शक चिकटपट्टीने बंद केलं होतं. आलेल्या खोक्यावर तपकिरी होती.

जानेवारीत मुलगा, सून आणि नात जेवायला आले. जेवणं झाल्यावर मुलगा मुलीला म्हणाला, "चल, तुला गंमत दाखवतो." त्यानेच खोकं उघडलं. वर टॉवेल होते, खाली चित्रकलेच्या वह्या होत्या, आणि वजन भरायला कुणीतरी दोन जाडजूड फोन डिरेक्टऱ्या घातल्या होत्या. तो काही बोलला नाही. वह्या एकेक काढून बाजूला ठेवल्या, खोकं उलटं करून झटकलं, मग घडी घालून भिंतीला टेकवलं. "जाऊ दे आई," म्हणाला. मला त्याने ओरडायला हवं होतं.

त्यानंतरचे महिने मी या देशाचे मूव्हिंगचे नियम वाचण्यात घालवले. ते सांगते, कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर निदान सावध झाले असते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान नेणाऱ्या मूव्हरला भरपाईचे दोन पर्याय द्यावे लागतात. एक पैसे मोजून घ्यायचा, त्यात वस्तूची पूर्ण किंमत किंवा दुरुस्ती मिळते. दुसरा फुकट, आणि त्यात मूव्हरची जबाबदारी असते वस्तूच्या दर पौंडाला ६० सेंट. किंमत काही का असेना, वजनावर! "सगळं कव्हर्ड आहे" म्हणजे हे. टीव्हीसारख्या वस्तूलाही यात नाममात्रच मिळतं, मग कागदाच्या कार्डाला काय मिळणार? एक कार्ड दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही.

बरं, पैसे मोजून पहिला पर्याय घेतला असता तरी माझं काम झालं नसतं. पौंडाला १०० डॉलरपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू असेल तर ती वेगळ्या कागदावर लिहून द्यावी लागते. दागिने, चांदीची भांडी, आणि कार्डं तर नक्कीच त्यात येतात. लिहून दिलं नाही तर मूव्हर आपली जबाबदारी मर्यादित करू शकतो. तो कागद आमच्या गठ्ठ्यात होता. कोरा. ग्राहकाचे हक्क सांगणारी सरकारी पुस्तिकाही मूव्हरने आधी द्यायची असते. ती आम्हाला फोनवर एका लिंकमध्ये आली होती आणि आम्ही ती उघडलीसुद्धा नव्हती.

दावा करायला सामान मिळाल्यापासून नऊ महिने असतात. आम्ही जानेवारीतच लेखी दावा केला. मूव्हरला ३० दिवसांत पोच द्यावी लागते आणि १२० दिवसांत होय, नाही किंवा अमुक इतके, असं काहीतरी उत्तर द्यावं लागतं. उत्तर शेवटच्या आठवड्यात आलं. खोकं पोचलं आहे, यादीवर आक्षेप नोंदवलेला नाही, तरी सदिच्छा म्हणून खोक्याचं वजन १४ पौंड धरून ८ डॉलर ४० सेंट. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. आम्ही लवादाकडे गेलो. तशी सोय प्रत्येक आंतरराज्य मूव्हरला ठेवावीच लागते. तिथेही त्या रात्रीच्या सहीने आम्हाला हरवलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण चोरी न्यू जर्सीत झाली, गोदामात झाली की टेक्सासात, हे कोण सांगणार? घराच्या विम्याकडेही विचारलं. तिथे संग्रहाच्या वस्तूंना वेगळी नोंद करून पॉलिसीत घालावं लागतं, नाहीतर मर्यादा फार थोडी असते. ती नोंदही आमची नव्हती.

ज्या मैत्रिणीसाठी हे सुरू केलं तिला मी म्हटलं, तुझ्या मुलाची कार्डं असोत, सासऱ्यांची नाणी असोत, तिकिटांचे अल्बम असोत, हातात घेऊन जा. हातात नेण्याइतकं लहान नसेल तर एकेकाचे पुढून-मागून फोटो काढ, उघड्या खोक्याचा फोटो काढ, बंद केल्यावर चिकटपट्टीचा फोटो काढ आणि जास्त किमतीच्या वस्तूंचा तो कागद भर. खोक्यावर आत काय आहे ते लिहू नकोस, नुसता नंबर घाल आणि यादी स्वतःच्या वहीत ठेव. कुणी कितीही गोड बोललं तरी आत काय आहे ते सांगू नकोस. आणि सामान उतरवून घेताना रात्र असो, पाऊस असो, नंबर टाकलेली ती दोन-चार खोकी सहीच्या आधी उघड. मागे माणसं कितीही ताटकळू देत. काही कमी असेल तर त्याच कागदावर लिही, मग सही कर.

आमच्या पाच स्लॅबचे क्रमांक पीएसएच्या पावतीवर मुलाच्या ईमेलमध्ये सापडले, आणि तेवढाच आम्हाला आधार आहे. ते पोलिसांच्या तक्रारीत आहेत. चोर स्लॅब फोडून कार्ड सुटं करू शकतो हे मुलाने मला सांगितलं, तरी तो अधूनमधून विक्रीच्या साइट बघत असतो. मागच्या वर्षी त्यातला एक क्रमांक एका विक्रीच्या फोटोत दिसला. ब्लास्टॉइज नावाचं कार्ड होतं. विक्री आदल्या आठवड्यातच पूर्ण झालेली होती. आम्ही पोलिसांना कळवलं आहे, अजून काही हाती लागलेलं नाही. डॅलसजवळच्या ॲलनला भरणाऱ्या डॅलस कार्ड शोला मुलगा तो क्रमांकांचा कागद खिशात ठेवून जातो. एकदा मीही गेले होते. टेबलांच्या रांगाच रांगा, सगळ्यांवर काचेखाली कार्डं, आणि मला प्रत्येक चारिझार्ड आमचाच वाटत होता.

अल्बममधल्या सुट्या कार्डांना मात्र ना नाव ना नंबर. ती कुणाच्याही हातात गेली तरी त्याचीच. पण निळ्या अल्बमला एक खूण आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सात वर्षांच्या मुलाने पेन्सिलीने देवनागरीत एकोणतिसाचा पाढा लिहिला आहे. सातव्या ओळीवर १९३ खोडून २०३ केलं आहे. चोराने तो अल्बम फेकून दिला असेल, किंवा कार्डांसकट कुणाला विकला असेल. टेक्सासात, जर्सीत किंवा मधल्या कुठल्याही गावात, एखाद्या गराज सेलमध्ये किंवा कार्डांच्या दुकानात तुम्हाला असा निळा अल्बम दिसला, तर मागचा पुठ्ठा उघडून बघा. तिथला दुकानदार ते अक्षर ओळखणार नाही. तुम्ही ओळखाल.