झेब्राची जी-निब आणि कॅमलची काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक: कॉमिक्स शिकणाऱ्याने घ्यावी का?

जपानी कॉमिक्समध्ये, म्हणजे मांगात, केसासारखी सुरू होऊन मध्ये फुगणारी आणि पुन्हा बारीक होत संपणारी रेघ दिसते, ती बहुतेकदा जी-निबची, म्हणजे दांडीत खोचून शाईत बुडवायच्या लवचीक धातूच्या टोकाची, असते. झेब्रा या जपानी कंपनीची जी-निब साध्या पोलादाची, क्रोम मुलाम्याची आणि टायटॅनियमची अशी मिळते. शिकताना क्रोमची घ्यावी. साध्या पोलादाला आपल्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, चटकन गंज चढतो. टायटॅनियमची जास्त टिकते, पण हात बसेपर्यंत टोकं वाकणारच, मग महागडी निब कशाला वाकवायची?

नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो. तो तसाच ठेवला तर शाई पसरत नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी थेंब धरते आणि मग भदकन कागदावर उतरते. भांडी घासायच्या साबणाचा थेंब किंवा थोडी टूथपेस्ट लावून निब बोटांनी चोळावी, धुवावी, कोरडी करावी. काही जण ज्योतीवर धरतात. तसं करू नये, पोलादाचा ताव उतरतो आणि निब मऊ पडते. टाकाची दांडी घेताना निब खोचून हलवून पाहावी. सैल बसली तर रेघ थरथरते आणि दोष हाताला दिला जातो.

या निबचं सगळं मर्म दिशेत आहे. टाक स्वतःकडे ओढला आणि दाब दिला की दोन पाती फाकतात, रेघ जाड होते. आडव्या रेघेत पाती तेवढी फाकत नाहीत, रेघ बारीकच राहते. वरच्या दिशेला ढकलला तर टोक कागदाच्या तंतूत अडकतं आणि शिंतोडे उडतात. म्हणून हात नव्हे, कागद फिरवायचा. रोज एक पान फक्त समांतर रेघांचं काढावं: बारीक-जाड-बारीक, दोन रेघांत दोन मिलिमीटर अंतर. चेहरे नंतर.

याच कारणामुळे देवनागरी अक्षरांसाठी ही निब आम्ही सुचवणार नाही. शिरोरेषा बारीक आणि काना जाड असं होऊन फुग्यातला, म्हणजे पात्रांच्या संवादाच्या गोलातला, मजकूर विस्कटलेला दिसतो. अक्षरांना एकसारख्या जाडीचं पेन घ्यावं. पिग्मा मायक्रॉनचं ०५, म्हणजे ०.४५ मिमी, पुरतं. आधी मजकूर लिहावा, मग त्याभोवती फुगा काढावा. वेलांट्या-उकारांना जागा लागते, म्हणून दोन ओळींच्या शिरोरेषांत अक्षराच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवावं.

आता शाई. १९३१ साली घोडा छाप शाईने धंदा सुरू करणाऱ्या दांडेकरांच्या कॅम्लिनचीच ही कॅमल. काळेपणा भरीव आहे आणि पूर्ण वाळल्यावर वरून जलरंगाचा हात फिरवता येतो. बाटलीत थेट टाक बुडवू नये. रुंद तोंडाच्या लहान दौतीत ५ मिली काढून घ्यावी, निब मधल्या भोकापर्यंतच बुडवावी आणि काठाला टेकवून जादा थेंब काढावा. पंख्याखाली काम केलं तर शाई निबवरच वाळते, फट बुजते, रेघ मध्येच तुटते. दर काही मिनिटांनी ओल्या सुती फडक्याने पुसत राहावं. दौतीतली शाई घट्ट झाली तर एखाद-दुसरा थेंब पाणी. जास्त घातलं तर काळा रंग करडा पडतो. ही शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये, आत वाळली की पेन गेलंच.

खरा कस मात्र कागदावर लागतो, आणि शिकणारे नेमकी तिथेच काटकसर करतात. झेरॉक्सच्या ७०-७५ जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) कागदावर शाई फुटते आणि निब तंतू उचलते. किमान २०० जीएसएमचा गुळगुळीत कागद हवा. खरखरीत जलरंगाचा कागद नको. चकचकीत लेप असलेल्या कार्डावर शाई फार वेळ ओली राहते. विकत घेण्याआधी कोपऱ्यावर एक जाड रेघ मारून पाहू द्या म्हणावं.

पेन्सिल एचबी, तीही हलकी. ४एचने कागदावर चर पडते आणि निब त्या चरीत घसरते. छापायच्या दीडपट आकारात काढावं; ६७ टक्क्यांवर आणताना बारीक थरथर झाकली जाते, पण फार जवळजवळ मारलेल्या रेघा एकमेकींत मिसळतात. चौकटी आखताना पट्टीची तिरकी कड खाली करावी, म्हणजे कड कागदापासून उचललेली राहते आणि शाई पट्टीखाली शिरत नाही. मोठे काळे भाग निबने भरू नयेत, कागद सोलतो. ३ नंबरचा गोल ब्रश वापरावा. खोडरबर लगेच नाही, जाड काळ्या भागांना रात्रभर वाळू द्यावं. चूक झाकायला पांढरा पोस्टर कलर साईसारखा दाट लावावा, पातळ लावला तर खालचा काळा डोकावतो.

दहा निबांची डबी एकदम आणण्याची घाई नको. तीन निबा, एक दांडी, शाईची एक बाटली आणि उरलेल्या पैशांचा चांगला कागद. बारीक रेघ बारीक सुरू होईनाशी झाली की निब बदलावी. झिजलेली जुनी फेकू नये, जाड बाह्यरेषांना ती चांगली चालते.